महाभियोगाच्या खटल्यात अध्यक्षस्थानी बसणारा न्यायाधीश: अधिकार किती, आणि सल्लागार कोण?

नीरक्षीर (धागाकर्ता)

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवर महाभियोगाचा खटला चालतो तेव्हा सिनेटच्या अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश बसतात. काळा झगा घातलेली ती व्यक्ती पाहिली की आता कायद्याचा शेवटचा शब्द तिचाच, असे आपल्याला सहज वाटून जाते. गेले काही महिने मी या विषयावर जे वाचले त्यावरून माझे मत याच्या उलट झाले आहे. त्या आसनावरच्या न्यायाधीशाचा प्रत्येक निर्णय सिनेटच्या संमतीवर उभा असतो, आणि तो निर्णय घडवण्यात त्याच्या कानाशी बोलणाऱ्या सल्लागारांचा वाटा आपण धरतो त्याहून बराच मोठा असतो. या दुसऱ्या गोष्टीची चर्चा फारशी होत नाही, म्हणून हा धागा.

घटनेत या भूमिकेबद्दल जेमतेम एक वाक्य आहे. पहिल्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या कलमानुसार महाभियोगाचा खटला चालवण्याचा अधिकार एकट्या सिनेटचा आहे, सदस्यांनी त्यासाठी शपथ घ्यायची आहे, राष्ट्राध्यक्षांवर खटला असेल तर सरन्यायाधीशांनी अध्यक्षस्थान घ्यायचे आहे आणि दोषी ठरवण्यासाठी उपस्थित सदस्यांच्या दोन-तृतीयांश मतांची गरज आहे. एरवी सिनेटचे अध्यक्षस्थान उपराष्ट्राध्यक्षांकडे असते, आणि राष्ट्राध्यक्ष पदच्युत झाले तर तेच त्यांच्या जागी येणार असल्यामुळे त्यांना या खटल्यापासून दूर ठेवले आहे. मात्र अध्यक्षस्थानी बसलेल्या सरन्यायाधीशांनी नेमके काय करायचे, त्यांना मत आहे की नाही, पुराव्यावर त्यांचा निर्णय अंतिम की नाही, याविषयी घटना काहीच बोलत नाही.

ही रिकामी जागा भरण्याचा पहिला प्रयत्न 1868 मध्ये झाला, आणि तो प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील खटल्यात सरन्यायाधीश सॅमन चेस अध्यक्ष होते. खटला सुरू होण्यापूर्वीच त्यांनी सिनेटला पत्र लिहून कळवले की, या न्यायालयाचे नियम ठरवायचे असतील तर ते न्यायालय रीतसर स्थापन झाल्यावर, म्हणजे सरन्यायाधीश आसनावर आल्यानंतरच ठरवावे लागतील. सिनेटने आधी मंजूर केलेले नियम मग त्यांनी पुन्हा मताला टाकून संमत करून घेतले. पुढे 31 मार्च रोजी एका साक्षीदाराला विचारलेल्या प्रश्नावर हरकत आली, तेव्हा चेस यांनी तो पुरावा ग्राह्य असल्याचा निर्णय स्वतःच दिला. अध्यक्षांना असा निर्णय देण्याचा अधिकारच नाही, असे काही सदस्यांचे म्हणणे पडले, आणि या मुद्द्यावर आपसात विचार करण्यासाठी सभागृहाने बाहेर जावे असा प्रस्ताव आला. त्यावर दोन्ही बाजूंना 25 मते पडली. चेस यांनी निर्णायक मत प्रस्तावाच्या बाजूने दिले आणि सदस्य उठून गेले. सरन्यायाधीश सिनेटचे सदस्य नसल्यामुळे त्यांना मताचा अधिकार नाही, असा ठराव चार्ल्स समनर यांनी मांडला, तो फेटाळला गेला.

त्या वादातून जी तडजोड निघाली ती आजही सातव्या नियमाच्या रूपाने टिकून आहे. पुराव्याच्या आणि आनुषंगिक प्रश्नांवर अध्यक्ष निर्णय देऊ शकतात, आणि कोणाही सदस्याने मतदान मागितले नाही तर तो निर्णय सिनेटचाच निर्णय मानला जातो. मतदान मागितले, तर साध्या बहुमताने तो फिरवता येतो. अध्यक्षांना वाटल्यास ते स्वतः निर्णय न देता प्रश्न थेट सभागृहापुढेही ठेवू शकतात. या नियमाची धार चेस यांना लवकरच अनुभवायला मिळाली. ज्या कायद्याचा भंग केल्याचा जॉन्सन यांच्यावर आरोप होता तो कायदाच घटनाबाह्य आहे, असा सल्ला मंत्रिमंडळाने त्यांना दिला होता, हे नौदलमंत्री गिडियन वेल्स यांच्या साक्षीतून सिद्ध करायची बचाव पक्षाची इच्छा होती. चेस यांनी ती साक्ष ग्राह्य धरली. सिनेटने मतदान करून तो निर्णय रद्द केला आणि साक्ष बाहेर ठेवली. शेवटी 35 विरुद्ध 19 मते पडली आणि दोषसिद्धीसाठी लागणाऱ्या 36 मतांपैकी एक मत कमी पडल्यामुळे जॉन्सन वाचले. देशातला सर्वोच्च न्यायाधीश पुरावा ग्राह्य म्हणतो आणि राजकीय सभागृह तो नाकारते, ही गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते.

1999 मध्ये बिल क्लिंटन यांच्या खटल्यात विल्यम रेनक्विस्ट अध्यक्ष होते. जुन्या महाभियोगांवर त्यांनी 1992 मध्ये स्वतः पुस्तक लिहिले होते, त्यामुळे चेस यांचे काय झाले हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांनी निर्णय मोजकेच दिले. त्यांतला एक मात्र मला महत्त्वाचा वाटतो. अभियोग मांडणारे प्रतिनिधी सिनेटरांना वारंवार ज्युरी म्हणत होते. आयोवाचे सिनेटर टॉम हार्किन यांनी त्याला हरकत घेतली आणि रेनक्विस्ट यांनी ती उचलून धरली. सिनेट ही केवळ ज्युरी नसून या प्रकरणापुरती न्यायालय आहे, असे त्यांनी सांगितले. ज्युरीला वस्तुस्थितीपुरतेच बोलता येते, न्यायालयाला कायद्यावरही बोलता येते. म्हणजे त्या एका वाक्याने सरन्यायाधीशांनी कायदा ठरवण्याचे काम आपल्या आसनावरून उचलून समोर बसलेल्या शंभर जणांच्या हाती दिले.

आता सल्लागारांकडे येतो. सिनेटमध्ये पार्लमेंटेरियन नावाचे पद 1935 पासून आहे. ही व्यक्ती अध्यक्षांच्या आसनाच्या अगदी खालच्या टप्प्यावर बसते, नियम आणि पूर्वीचे दाखले पाहून अध्यक्षांना काय बोलायचे ते हलक्या आवाजात सांगते आणि अध्यक्ष बहुधा तेच शब्द उच्चारतात. महाभियोगाच्या वेळी बाहेरून आलेल्या सरन्यायाधीशांना सिनेटच्या चालीरीतींची सवय नसते, त्यामुळे त्यांचे हे अवलंबित्व वाढते. सोबत त्यांचे स्वतःच्या कार्यालयातले सहायक असतात, पण सिनेटचे दाखले सिनेटच्याच कार्यालयात. 1999 मध्ये हे पद रॉबर्ट डव्ह यांच्याकडे होते, आणि 2012 पासून एलिझाबेथ मॅकडोनो यांच्याकडे.

माझा आक्षेप इथे आहे. पार्लमेंटेरियनला मुदतीची हमी नाही. रॉबर्ट डव्ह यांना 2001 मध्ये, अर्थसंकल्पाच्या कार्यपद्धतीवरचा त्यांचा सल्ला बहुमतातल्या पक्षाला रुचला नाही म्हणून, पदावरून दूर करण्यात आले. तहहयात नेमणूक असलेल्या सरन्यायाधीशांना, बहुमताच्या मर्जीने नोकरी जाऊ शकणारा अधिकारी सल्ला देतो, आणि तो सल्ला कामकाजाच्या इतिवृत्तात येत नाही. निर्णयाला नाव न्यायाधीशांचे लागते. हा सल्ला लेखी असावा आणि नोंदला जावा, असे माझे ठाम मत आहे. जाणकारांनी कृपया लिहावे.

पैलतीर

धागा आवडला. ट्रम्प यांच्यावरचा 2020 चा खटला मी इथे अमेरिकेत बसून बराचसा थेट पाहिला होता, म्हणून त्यातले दोन-तीन प्रसंग जोडतो, कारण मूळ लेखात ते आलेले नाहीत.

पहिल्याच दिवशी, 21 जानेवारीला, कामकाज दुपारी एक वाजता सुरू झाले आणि मध्यरात्र उलटून पावणेदोनच्या पुढे गेले. रात्री उशिरा प्रतिनिधिगृहाचे जेरी नॅडलर आणि राष्ट्राध्यक्षांचे वकील पॅट सिपलोन यांच्यात शब्दाशब्दी झाली. तेव्हा अध्यक्षस्थानी असलेल्या सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी दोन्ही बाजूंना सारखीच समज दिली आणि 1905 मधल्या न्यायाधीश चार्ल्स स्वेन यांच्या खटल्याचा दाखला दिला, ज्यात वकिलीतल्या क्षुद्र कुरापतींसाठी वापरलेल्या एका शब्दावर हरकत घेतली गेली होती. रात्री एक वाजता एकशे पंधरा वर्षांपूर्वीचा इतका नेमका दाखला कोणाच्याही जिभेवर आपोआप येत नाही, त्यामागे कोणाची तरी तयारी होती हे उघड आहे. त्याच सकाळी दहा वाजता रॉबर्ट्स पुन्हा सर्वोच्च न्यायालयात मोंटाना राज्याच्या शिष्यवृत्ती प्रकरणाची सुनावणी घेत होते. एकाच माणसाकडून असे दुहेरी काम करून घ्यायचे असेल तर त्याला सल्लागार लागणारच.

दुसरा प्रसंग प्रश्नोत्तरांचा. सदस्यांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे आणि ते अध्यक्षांनी मोठ्याने वाचायचे, असा नियम आहे. दोन दिवसांत 180 प्रश्न झाले. 30 जानेवारीला सिनेटर रँड पॉल यांच्या चिठ्ठीत, ज्याची ओळख गुप्त राहावी अशी अपेक्षा होती अशा तक्रारदाराचे म्हणून एक नाव होते. रॉबर्ट्स यांनी चिठ्ठी पाहिली आणि हा प्रश्न या स्वरूपात वाचण्यास आपण नकार देत आहोत, एवढेच एका वाक्यात सांगितले. कोणीही मतदान मागितले नाही. सातव्या नियमाप्रमाणे सिनेट तो निर्णय फिरवू शकत होती, तरीही कोणी उठले नाही. त्यामुळे त्या आसनाला काहीच वजन नाही, असे मी म्हणणार नाही.

तिसरा प्रसंग सर्वात महत्त्वाचा. 31 जानेवारीला साक्षीदार बोलावण्याचा प्रस्ताव 49 विरुद्ध 51 मतांनी पडला. त्यानंतर सिनेटमधले डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते चक शूमर यांनी विचारले की, 1868 मध्ये चेस यांनी समसमान मते पडल्यावर मत दिले होते, हे अध्यक्षांना माहीत आहे काय? रॉबर्ट्स यांनी माहीत असल्याचे सांगितले, पण दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या तुरळक घटना आपल्याला तसा अधिकार देण्यास पुरेशा नाहीत, आणि शासनाच्या दुसऱ्या शाखेतल्या, लोकांनी न निवडलेल्या व्यक्तीने निकाल बदलणे अनुचित ठरेल, असे उत्तर दिले. हे उत्तर ऐकताना मला ते आधीपासून तोलून-मापून ठेवलेले वाटले. प्रत्यक्षात त्या क्षणी समसमान मते पडलेलीच नव्हती, तरी त्यांनी पुढच्या सर्व शक्यतांसाठी दार लावून घेतले.

शिरस्तेदार

माझी सारी नोकरी जिल्हा न्यायालयात गेली, त्या अनुभवावरून धागाकर्त्यांच्या शेवटच्या मुद्द्याशी मी असहमत आहे.

न्यायाधीशांच्या समोर खाली बसणारा बेंच क्लार्क दिवसभर काय करतो, हे बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. कोणत्या प्रकरणात मुदतअर्ज कितव्यांदा आला, निशाणी क्रमांक काय, मागच्या तारखेला साहेबांनी काय आदेश केला होता, हे तो मान वर करून हळूच सांगतो. साहेब ऐकतात, कधी मानतात, कधी मानत नाहीत. रोजनाम्यात लिहिला जातो तो आदेश, कारण जबाबदारी सही करणाऱ्याची. खाली बसलेल्याने काय सुचवले हेही कागदावर यायला लागले, तर वकील आदेशाऐवजी त्या टिपणावर हल्ला चढवतील, आणि दुसऱ्या दिवसापासून तो कर्मचारी तोंड उघडणार नाही. डव्ह यांना पदावरून काढले हे वाईट झाले, यात शंका नाही. पण त्यांचा सल्ला उघड झाला असता तर त्यांना आणखी लवकर काढले असते, असे मला वाटते. उपाय करायचाच असेल तर त्या पदाला मुदतीचे संरक्षण द्यावे.

साक्षेपी

आपल्याकडचे उदाहरण या चर्चेत यायला हवे, आणि त्याचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे.

भारतात राष्ट्रपतींवर महाभियोग चालवायचा झाल्यास अनुच्छेद 61 प्रमाणे एका सभागृहाने आरोप ठेवायचा आणि दुसऱ्याने चौकशी करायची. अध्यक्षस्थानी न्यायाधीश बसवण्याची तरतूद त्यात नाही, आणि तो अनुच्छेद आजवर वापरला गेलेला नाही. न्यायाधीशांना पदावरून दूर करण्याची पद्धत मात्र प्रत्यक्षात वापरली गेली आहे. 1968 च्या न्यायाधीश चौकशी कायद्यानुसार, प्रस्ताव दाखल करून घेतल्यावर लोकसभेचे अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती तीन जणांची समिती नेमतात. त्यात एक सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, एक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि एक नामवंत विधिज्ञ असतात. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश व्ही. रामस्वामी यांच्या प्रकरणात या समितीचे प्रमुख न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश पी. डी. देसाई आणि न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी हे इतर दोन सदस्य होते. समितीने 14 पैकी 11 आरोप सिद्ध झाल्याचे म्हटले. मे 1993 मध्ये प्रस्ताव लोकसभेपुढे आला तेव्हा अध्यक्षस्थानी लातूरचे शिवराज पाटील होते, आणि रामस्वामी यांच्या वतीने कपिल सिब्बल यांनी सभागृहात युक्तिवाद केला. प्रस्तावाच्या बाजूने 196 मते पडली, विरोधात एकही नाही, पण 205 सदस्य तटस्थ राहिले आणि आवश्यक बहुमत न मिळाल्यामुळे प्रस्ताव पडला.

पुरावा तपासायचे काम कायद्याच्या माणसांनी केले, कारणे देऊन लेखी अहवाल दिला, तो अहवाल सभागृहाच्या पटलावर आला आणि देशाने वाचला. धागाकर्ते ज्या लेखी सल्ल्याची मागणी करतात, तो आपल्या पद्धतीत मुळातच आहे. सभागृहाने तो डावलला, पण कोणी काय डावलले हे स्पष्ट दिसले. वेल्स यांची साक्ष 1868 मध्ये सिनेटने बाहेर ठेवली तेव्हा असा कोणताही अहवाल लोकांच्या हाती नव्हता.

आपल्या पद्धतीतला कच्चा दुवा वेगळ्या ठिकाणी आहे. प्रस्ताव दाखल करून घ्यायचा की नाही हे पीठासीन अधिकारी एकटे ठरवतात. एप्रिल 2018 मध्ये सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्याविरुद्धचा प्रस्ताव राज्यसभेचे सभापती व्यंकय्या नायडू यांनी कायदेतज्ज्ञांचा सल्ला घेऊन दारातच नाकारला. कारणांचा आदेश त्यांनी प्रसिद्ध केला, पण समितीपर्यंत प्रकरण गेलेच नाही.

मध्यममार्ग

ब्राझील आणि फिलिपिन्स या दोन देशांकडे पाहिल्यावर अमेरिकेतली संदिग्धता किती महागात पडू शकते, हे कळते.

फिलिपिन्सच्या 1987 च्या घटनेत सरळ लिहिले आहे की, राष्ट्राध्यक्षांवर खटला असेल तर सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश अध्यक्ष असतील, पण त्यांना मत नसेल. चेस यांच्यावरून झालेला वाद त्यांनी एका उपवाक्यात मिटवला. राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्ट्राडा यांच्या खटल्यात मुख्य न्यायाधीश हिलारियो डाव्हिदे अध्यक्ष होते. 16 जानेवारी 2001 रोजी बँकेच्या कागदपत्रांचे एक पाकीट उघडायचे की नाही, यावर सिनेटरांनी 11 विरुद्ध 10 मतांनी नकार दिला. त्यानंतर अभियोग चालवणारे उठून गेले, मनिलात लोक रस्त्यावर उतरले आणि 20 जानेवारीला ग्लोरिया अरोयो यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. शपथ देणारे डाव्हिदेच होते. खटल्याच्या अध्यक्षानेच तो अपुरा असताना उत्तराधिकाऱ्याला शपथ द्यावी, हे मला पटत नाही, परिस्थिती कितीही बिकट असो.

ब्राझीलमध्ये 2016 साली राष्ट्राध्यक्ष डिल्मा रुसेफ यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष रिकार्डो लेवांडोव्स्की सिनेटच्या आसनावर होते. तिथल्या घटनेत पद जाणे आणि आठ वर्षे सार्वजनिक पदासाठी अपात्र ठरणे या दोन गोष्टी एकाच वाक्यात, एकमेकींना जोडून आल्या आहेत. 31 ऑगस्टच्या शेवटच्या बैठकीत या दोहोंवर स्वतंत्र मतदान घ्यावे अशी मागणी आली, आणि सिनेटच्या अंतर्गत नियमांचा आधार घेऊन लेवांडोव्स्की यांनी ती मान्य केली. पद काढण्याच्या बाजूने 61 आणि विरोधात 20 मते पडली. अपात्रतेच्या बाजूने 42 मते पडली, आवश्यक होती 54. रुसेफ यांचे पद गेले, पण हक्क राहिले, आणि 2018 मध्ये त्यांनी सिनेटची निवडणूक लढवली. अध्यक्षांच्या कार्यपद्धतीविषयक एका निर्णयाने शिक्षा अर्धी झाली. न्यायाधीशाच्या हाती त्या आसनावर काहीच नसते, हे धागाकर्त्यांचे विधान त्यामुळे सर्व देशांना लागू होत नाही.

नीरक्षीर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. मध्यममार्ग यांनी दिलेले ब्राझीलचे उदाहरण माझ्या मुद्द्याला बळच देते, असे मी म्हणेन. लेवांडोव्स्की यांचा निर्णय घटनेवर कमी आणि सिनेटच्या अंतर्गत नियमांवर जास्त उभा होता, आणि ते नियम ही सभागृहाच्या सचिवालयाची जाणकारी असते. न्यायाधीश सभागृहात आला की तो आपल्या कायद्याच्या प्रदेशातून निघून त्यांच्या नियमांच्या प्रदेशात येतो.

शिरस्तेदार यांच्याशी मी या मर्यादेपर्यंत सहमत आहे की, प्रत्येक कुजबूज नोंदवण्याची गरज नाही. मुदतीचे संरक्षण ही त्यांची सूचनाही उत्तम आहे. पण निर्णय एखाद्या जुन्या दाखल्यावर उभा असेल, तर तो दाखला कोणत्या खटल्यातला, कोणत्या वर्षीचा, आणि तेव्हा सभागृहाने तो मान्य केला की फिरवला, एवढे तरी अध्यक्षांनी निर्णयासोबतच सांगितले पाहिजे. रॉबर्ट्स यांनी स्वेन खटल्याचे नाव घेतले, म्हणून आज आपण तो दाखला तपासू शकतो.

2021 चा दुसरा ट्रम्प खटला कोणी काढला नाही, म्हणून लिहितो. तेव्हा ट्रम्प पदावर नव्हते, आणि रॉबर्ट्स अध्यक्षस्थानी आले नाहीत. सिनेटचे हंगामी अध्यक्ष पॅट्रिक लेही यांनी ते काम केले. त्यांनी आसनावरून निर्णयही द्यायचे होते आणि सदस्य म्हणून दोषी की निर्दोष हे मतही द्यायचे होते, आणि त्यांनी दोन्ही केले. 13 फेब्रुवारीला 57 विरुद्ध 43 मते पडली, दोषसिद्धीला 67 लागत होती. त्या खटल्यात मॅकडोनो यांचा सल्ला अधिकच महत्त्वाचा ठरला असणार, कारण अध्यक्षाची तटस्थता दाखवून देण्यासाठी दुसरे कोणी तिथे नव्हते.

साक्षेपी

धागाकर्त्यांच्या सूचनेबाबत एक व्यवहार्य अडचण. हे नियम बदलायचे केव्हा? 1974 मध्ये निक्सन यांच्यावर खटला चालणार असे दिसू लागले, तेव्हा सिनेटने आपल्या नियम समितीला महाभियोगाचे नियम तपासायला सांगितले आणि पार्लमेंटेरियन फ्लॉइड रिडिक यांनी जुने दाखले एकत्र केले. ऑगस्टमध्ये निक्सन यांनी राजीनामा दिला आणि सुधारणा तशाच पडून राहिल्या. त्या संमत झाल्या 16 ऑगस्ट 1986 रोजी, न्यायाधीश हॅरी क्लेबोर्न यांचा खटला दारात उभा राहिला तेव्हा. सातव्या नियमातला निर्णय आणि तो फिरवण्याचा अधिकार मात्र त्या वेळीही कायम ठेवला गेला.